पहिल्या रांगेतली दोन तिकिटं

सोमनाथ वाघचा आवाज चांगला होता आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. गाव फुलंब्री, नोकरी औरंगाबादला सिडकोतल्या एका पतसंस्थेत आणि संध्याकाळी हातात माईक, असं त्याचं कित्येक वर्षं चाललं होतं. रिसेप्शन असो, कुणाचा सत्कार असो की गणपतीतलं बक्षीस वाटप, लोक म्हणायचे, "सोमनाथ सरांना बोलवा, सभा हलू देत नाही माणूस." सोमनाथही मोठ्या मनाचा. मानधन कमी दिलं तरी जायचा. माईकसमोर उभं राहिलं की समोरची चारशे माणसं आपल्या एका शब्दासाठी थांबतात, हे सुख त्याला पैशापेक्षा मोठं वाटायचं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची बोलणी चालली होती. औरंगाबादेत चार-पाच दिवसांनी नळ यायचा आणि बायपासच्या नव्या अपार्टमेंटांसमोर सकाळी सहापासून टँकर उभे राहायचे. अशात शहरातल्या एका सेवाभावी मंडळानं मुंबईच्या नावाजलेल्या गायिकेच्या गझलांचा कार्यक्रम ठरवला. ठरवला तो आदल्या वर्षी, पाऊस दगा देण्याच्या आधी. आता लोक कुरकुरायला लागले, की माणसं पाण्यासाठी वणवण फिरतायत आणि यांना गाणं सुचतंय. मंडळाचे अध्यक्ष बन्सीलाल हुशार माणूस. त्यांनी तोडगा काढला. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांच्या तिकिटांचा लिलाव करायचा. जो घेईल त्याला गायिकेबरोबर चहा आणि फोटो. येणारी सगळी रक्कम मालनबाईंच्या वसतिगृहाला.

मालनबाईंचं वसतिगृह हर्सूलच्या पुढं, जळगाव रस्त्याला होतं. बाई अंगणवाडीच्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. मेंढरामागं फिरणाऱ्यांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं त्यांनी आपल्या जागेत ठेवून घेतली होती. पत्र्याच्या तीन खोल्या, साठ मुलं आणि त्या वर्षी कोरडा पडलेला बोअर.

लिलाव जालना रोडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. बाई पाच-सहा मुलं घेऊन आल्या होत्या. त्यातल्या एका मुलीनं तिकिटांचं पाकीट ठेवलेलं ताट घेऊन स्टेजवर उभं राहायचं, असं ठरलं. मुलीचं नाव सृष्टी, वय नऊ. नवा निळा फ्रॉक, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या.

"हिच्याबद्दल दोन शब्द सांगा बाई," सोमनाथ म्हणाला. तो तेव्हा माईक तपासत होता. स्पीकर शिट्ट्या मारत होता.

"देवगाव रंगारीकडली आहे. धनगराची," मालनबाई म्हणाल्या. "हिची आई दिवाळीतच गेली, मेंढरं घेऊन नाथसागराकडं. तेव्हापासून भेट नाही बघा. पण पोर खमकी. रडत नाही."

"बरं, बरं," सोमनाथ म्हणाला आणि साउंडवाल्याला हातानं खूण करायला वळला. बाई बाकीच्या मुलांना जेवायला बसवायला मागच्या खोलीत गेल्या.

बोली सुरू झाली. सुरुवातीला हात भराभर वर गेले. मग पन्नास-पंचावन्न हजारांवर गाडी अडली. सोमनाथनं विनोद केला, लोक हसले, पण हात वर जाईना. बन्सीलाल खालून डोळ्यांनी खुणावत होते, वाढवा, वाढवा. माणसं एकमेकांशी बोलायला लागली. वेटर सूपचे वाडगे उचलायला लागले. सभा हातातून सुटतेय, हे सोमनाथला कळलं. असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

त्यानं शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"मंडळी, ही सृष्टी. ताट धरून कधीची उभी आहे. तुम्ही हिला विचारलं नाही, मीही विचारलं नाही, की बाळा, तुझं कोण आहे? हिची आई दिवाळीतच गेली."

हॉल शांत झाला. वाडगे उचलणारा वेटरसुद्धा जागच्या जागी थांबला. ती शांतता सोमनाथच्या ओळखीची होती. तिच्यासाठीच तो जगत होता म्हणा ना. तिथं थांबता आलं असतं. तो थांबला नाही.

"आपल्याकडं चार दिवसांनी का होईना, नळाला पाणी येतं. हिच्या आईला विहिरीच्या तळाला उतरावं लागायचं. वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि दोरानं वर पाठवायचा. एक दिवस ती उतरली. हंडा वर आला. आई आली नाही."

सृष्टी त्याच्याकडं बघत होती. तोंड किंचित उघडं. मग तिच्या हातातलं ताट कललं, पाकीट घरंगळून खाली पडलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी. फोटोवाले पुढं धावले. पुढच्या टेबलावरच्या एका बाईंनी पदर डोळ्याला लावला.

"एक लाख!" मागून कुणी तरी ओरडलं.

त्यानंतर सोमनाथला फारसं काही करावं लागलं नाही. शेवटी दोन तिकिटं दोन लाख दहा हजारांना गेली. घेतली ती रामप्रसाद शेठनं. शेठची शहागंजात पाइप-मोटारींची जुनी पेढी आणि बायपासला प्लॉटिंग. एरवी सभेत चार शब्द न बोलणारा माणूस. तो स्टेजवर आला, पाकिटाकडं बघितलंही नाही, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि खाली उतरून थेट निघून गेला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, की माय गमावलेल्या चिमुकलीसाठी शहर गहिवरलं. सोमनाथची बायको प्रेरणा चहा गाळता गाळता फोटो बघत होती. ती आदल्या दिवशी हॉलमध्ये होती.

"छान बोललात तुम्ही," ती म्हणाली. "पण ती पोर अशी का बघत होती तुमच्याकडं? जसं काही तिला पहिल्यांदाच कळत होतं."

"लेकरू आहे. एवढ्या लोकांसमोर आठवण निघाली की रडू येणारच."

"तिची आई विहिरीत पडली, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बाईंनीच. दिवाळीत गेली म्हणाल्या."

"विहिरीत?"

सोमनाथनं पेपरचं पान उलटलं. "आता ते बोलण्याच्या ओघात येतं थोडंफार," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याचे फोन वाजत राहिले. पतसंस्थेतले सभासद काउंटरवर येऊन हात मिळवून जायचे. आणि मग एका दुपारी मालनबाईंचा फोन आला.

"सोमनाथराव, तुम्ही स्टेजवर काय सांगितलं हो सृष्टीबद्दल?"

"का बाई?"

"पोर जेवत नाही. लिलावाच्या दिवसापासून दोन घास धड खाल्ले नाहीत. शाळेत जात नाही, कुणाशी बोलत नाही. गेटपाशी दप्तर घेऊन बसते. पेपर आमच्याकडं येत नाही, मला वाटलं दृष्ट लागली, ताप असेल. आज दरडावून विचारलं, तर म्हणते, माझी आई मेली आणि तुम्ही मला सांगितलं नाही. कोण म्हणालं, तर म्हणते सोमनाथ सर."

काउंटरच्या पलीकडं एक म्हातारा अंगठा शाईत बुडवून उभा होता. सोमनाथनं त्याला थांबा म्हणून खूण केली.

तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. सृष्टी गेटजवळच्या लिंबाखाली बसली होती. अंगावर तोच निळा फ्रॉक, आता मळलेला. सोमनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाळा, तुझी आई जिवंत आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी चुकीचं बोललो."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "कोणत्या हिरीत पडली सर?"

"कोणत्याच नाही. पडलीच नाही."

"आमच्या वस्तीवरली हिर लई खोल हाय. मारुतीजवळची तेवढी नाय." ती स्वतःशीच हिशेब जुळवत होती. "मारुतीजवळची आसंल तर वर काढता आलं आसतं."

"सृष्टी, ऐक माझं. मी ते खोटं सांगितलं होतं."

"समद्यांसमोर?"

"हो."

"कामून?"

लोकांनी पैसे द्यावेत म्हणून, असं तो कसंबसं म्हणाला. तिला ते पटलं नाही. पैशासाठी कुणी आई मेली म्हणतं होय?

"माझी आजी मेली तवा बाबा पण आसंच म्हनला व्हता," ती म्हणाली. "आजी जित्ती हाय, दवाखान्यात हाय, रडू नको. मंग गावाकडं गेलो, तर आजी नव्हतीच." तिनं दप्तर छातीशी ओढलं. "मोठी मान्सं नंतर जित्ती हाय म्हनत्यात."

मालनबाई मागं उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा सोमनाथला बघवेना.

आईला आणून समोर उभं करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. सृष्टीचा बाप मल्हारी, त्याचा मोबाइल बंद लागत होता. रानात चार्जिंग कुठलं असणार? बाईंनी देवगाव रंगारीला मुलीचा चुलता कडूबा याला फोन लावला. त्यानं सांगितलं, की महिन्यापूर्वी बिऱ्हाड कायगावकडं होतं, आता नाथसागराच्या पोटात कुठं तरी उतरलं असेल. धरण आटत चाललं की उघड्या पडलेल्या गाळावर थोडं हिरवं उगवतं, आणि जिल्ह्यातली मेंढरं तिकडं सरकतात.

"उद्याच जाऊ," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही येणार आहात."

वसतिगृहाची जुनी व्हॅन सोमनाथनं चालवायला घेतली. बाई पुढं, सृष्टी मागच्या सीटवर. वाळूजच्या कारखान्यांची रांग संपली, रस्त्याच्या कडेला उसाऐवजी नुसती ढेकळं दिसायला लागली. मुलगी खिडकीला डोकं टेकून होती. झोपली असेल असं वाटून बाई हळू आवाजात म्हणाल्या,

"मी तुम्हाला नीट सांगितलं होतं, सोमनाथराव. मेंढरं घेऊन गेली, असं म्हटलं होतं मी."

"स्पीकरचा फार आवाज होता बाई."

बाईंनी मान डोलावली. तेवढ्यावर ते मिटलं असतं. त्यांनी पुन्हा विचारलंही नसतं. पण सोमनाथच्या डोक्यातून ढोरेगाव मागं पडेपर्यंत ते वाक्य जाईना. गेले काही दिवस तो स्वतःला हेच सांगत होता, की नीट ऐकू आलं नाही. आई गेली, एवढंच कानावर पडलं. पण खरं तसं नव्हतं. त्याला मेंढरं ऐकू आली होती. नाथसागरही ऐकू आला होता. स्टेजवर 'आई गेली' म्हणून झाल्यावर हॉल गप्प झाला तेव्हा ती मेंढरं त्याच्या डोक्यात होती आणि त्यानं ती बाजूला सारली होती.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

"गाडी हळू चालवा," एवढंच बाई म्हणाल्या.

आरशात त्याला सृष्टीचे उघडे डोळे दिसले.

कायगावच्या पुलावर चौकशी केली. तिथून आत, कच्च्या वाटेनं, मग वाटही संपली. एकेकाळी जिथं पाणी होतं तिथं भेगाळलेला गाळ लांबवर पसरला होता, मधूनच पोपटी पट्टे आणि पार टोकाला पाण्याची बारीक रेघ. बुडालेल्या गावाच्या भिंती उघड्या पडल्या होत्या. दोन-तीन बिऱ्हाडांवर विचारलं. कुणी म्हणालं, देवगावचा मल्हारी? तो तिकडं बाभळींच्या पल्याड. व्हॅन ठेवून ते चालत निघाले. ऊन डोक्यावर आलेलं. सृष्टी बाईंच्या बोटाला धरून चालत होती, घाई नाही, ओढ नाही. खड्ड्यात पाय टाकल्यासारखं एकेक पाऊल.

बाभळींच्या पलीकडं जाळ्याच्या कुंपणात लहान कोकरं होती. दोन घोडी, बाजल्यावर बांधलेल्या कोंबड्या, तीन दगडांची चूल. मल्हारी सावलीत काठी तासत बसला होता. मुलीला बघून तो उठला, पागोटं सारखं करत धावतच आला.

"आरं, हे कोण आलं! बाई, तुम्ही कशा इकडं? पोर बरी हाय ना?"

सृष्टीनं त्याच्याकडं पाहिलं, मग चुलीकडं, मग कुंपणाकडं, मग घोड्यांच्या मागं. आई कुठंच नव्हती. चूल थंड होती.

ती मटकन खाली बसली. कपाळ गुडघ्यांवर टेकलं. आता तिची काही शंका उरली नाही, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

"हिची आई, सरूबाई कुठंय?" सोमनाथनं विचारलं. त्या एका क्षणात त्याला खरोखर भीती वाटली, की आपण बोललो ते कुठल्या तरी वाटेनं खरं झालं असेल.

"ती गेली की," मल्हारी म्हणाला.

"कुठं गेली?" सोमनाथ जवळजवळ ओरडला.

मल्हारी दचकला. "दळायला गेली सायब. गावात. पहाटंचीच गेली, लाइट नसंल गिरनीला. येईल आता. पण झालं काय?"

मल्हारी कधी बाईंकडं, कधी पोरीकडं बघत उभा राहिला. त्यानं पाणी दिलं, ते मातकट होतं, सोमनाथनं सगळं पिऊन टाकलं. सृष्टीला बापानं जवळ घेऊ पाहिलं, तर ती लाकडासारखी ताठ झाली. असं किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गाळावरून एक बाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन येताना दिसली. उंच, काळीसावळी, लुगड्याचा कासोटा, चालताना एक हात मोकळा हलणारा.

"आली बघा," मल्हारी म्हणाला.

सृष्टीनं डोकं वर केलं. ती धावली नाही. उभी राहिली आणि बाई जवळ येईपर्यंत डोळे न हलवता बघत राहिली. सरूबाईनं लांबूनच ओळखलं आणि डबा सावरत हसत, भराभर आली.

"माय! माही सुरट्टी! कधी आलीस गं?"

डबा खाली ठेवायला ती वाकली, तेवढ्यात पोरगी तिच्यावर धावून गेली आणि दोन्ही मुठींनी तिला मारायला लागली. पोटावर, मांडीवर, हाताला लागेल तिथं. "कुठं गेली व्हतीस? कुठं गेली व्हतीस?" एवढंच ओरडत होती. सरूबाई आधी हसली, मग तिनं मनगटं धरली, मग तिला काही तरी वेगळंच आहे हे कळलं आणि तिनं पोरीला उचलून छातीशी घट्ट दाबलं. तेव्हा कुठं सृष्टी मोठ्यानं रडली. कोकरं बावरून ओरडायला लागली.

पोर थोडी शांत झाल्यावर सरूबाईनं मालनबाईंकडं पाहिलं. बाईंनी सोमनाथकडं.

त्यानं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कुणी बसा म्हणालं नव्हतं. लिलाव म्हणजे काय, तिकिटं कसली, ते सांगताना त्याला आपले शब्द पोकळ वाटत होते. विहिरीचं सांगितलं. हंड्याचंही सांगितलं, काही ठेवलं नाही. मल्हारी मधेच म्हणाला, "आयला!"

सरूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग चूल पेटवली. पीठ मळलं, भाकरी थापली, पहिली भाकरी खरपूस भाजून दुधात कुस्करली आणि पोरीला मांडीवर घेऊन भरवायला बसली. सृष्टी एका हातानं आईचं लुगडं धरून खात होती.

"पैसं लई आलं का?" सरूबाईनं विचारलं. वर न बघता.

सोमनाथनं आकडा सांगितला.

"त्याचं काय करनार?"

"मोठी टाकी बांधायची आहे," मालनबाई म्हणाल्या. "आणि नवा बोअर."

"मंजी लेकरांना पानी मिळंल." तिनं वाटी बोटानं पुसून घेतली. "मंग मी मेले ते चांगलंच झालं म्हनायचं."

"ताई, मला माफ करा," सोमनाथ म्हणाला.

आता तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मला मारलंत त्याचं काय नाय, सायब. मला कोन वळखतं तुमच्या शेहरात. पन ही शेजारी हुबी व्हती ना तुमच्या? हिला तरी इचारायचं. हिनं सांगितलं आसतं, माही आई हाय म्हनून."

निघायच्या वेळी बाईंनी हळूच विषय काढला. परीक्षा तोंडावर आहे, पोर हुशार आहे, चार दिवस राहू दे, मग आणून सोडा. मल्हारीलाही ते पटलं होतं. तो म्हणाला, "व्हय गं, साळा बुडंल."

"बुडू दे," सरूबाई म्हणाली. "जवर हिला वाटत नाय की मी हाय, तवर मी हिला सोडनार नाय." ती उठली आणि पोरीला कडेवर घेऊन कोकरांकडं गेली. नऊ वर्षांची मुलगी, पाय खाली लोंबत होते.

परत येताना व्हॅनमध्ये दोघंच होती. शहर जवळ आलं तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "दोन वर्षं लागली होती मला तिला शाळेत बसवायला." त्यांनी ते त्याला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला त्यामुळं जास्त लागलं.

सोमनाथनं बन्सीलालना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, आई मिळाली ना पोरीला, आता उकरून काढून काय उपयोग, चांगल्या कामाला गालबोट लागेल. सोमनाथ मग शहागंजात रामप्रसाद शेठच्या पेढीवर गेला. तिकिटं यानं घेतली होती, यालाच फसवलं होतं. शेठनं पैसे परत मागितले तर पतसंस्थेतून कर्ज काढून द्यायचे, हेही त्यानं मनाशी ठरवलं होतं.

शेठ गादीवर बसले होते. समोर मोटारींचे सुटे भाग. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग नोकराला बाहेर पाठवलं.

"सोमनाथ सर, ती विहीर तुम्हाला कुठून सुचली?"

"सुचली," सोमनाथ म्हणाला. "अशीच."

"माझी आई गेली विहिरीत. बहात्तरच्या दुष्काळात. मी सहा वर्षांचा होतो, काठावर बसलो होतो." शेठ हातातलं वायसर फिरवत होते. "दरड कोसळली. हंडा वर आला होता. तुम्ही तसंच म्हणालात. तसंच्या तसं. मला वाटलं, कुणी तरी तुम्हाला माझंच सांगितलंय."

सोमनाथला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"मी कुणाला सांगत नाही ते," शेठ म्हणाले. "बायकोलाही नीट माहीत नाही. त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं." त्यांनी वायसर गादीवर ठेवलं. "पैसे राहू द्या पोरांना. त्यांचा काय दोष. पण गाण्याला मी येणार नाही. आणि तुम्ही आता जा."

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरलं होतं. निवेदन सोमनाथकडंच होतं, बन्सीलालनी दुसरा माणूस शोधला नव्हता. पडदा उघडायच्या आधी तो माईकसमोर आला. कागद आणला नव्हता.

"लिलावाच्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं, की सृष्टीची आई विहिरीत पडून गेली. ते खरं नाही. तिची आई जिवंत आहे. मी स्वतः तिला भेटून आलो—"

पुढं त्याला म्हणायचं होतं, की मी ते जाणूनबुजून सांगितलं, माझ्यामुळं एक लेकरू उपाशी राहिलं. पण 'जिवंत आहे' म्हणताच मैदानात आनंदाची लाट उसळली. टाळ्या सुरू झाल्या, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. सोमनाथ "ऐका, माझं ऐका" म्हणत राहिला. बन्सीलाल चपळाईनं स्टेजवर आले, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी माईक आपल्याकडं ओढला. "मंडळी, आई लेकराला मिळाली! आणि शोधून कुणी काढली, तर आपल्या सोमनाथ सरांनी! याहून मोठी मैफल कोणती?" टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. सोमनाथ त्या खुर्च्यांकडं बघत उभा राहिला, मग मागं फिरून पडद्याच्या आड गेला. गायिका तंबोरे लावून घेत होती. ती त्याच्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "बहुत अच्छा किया आपने."

त्यानंतर त्यानं माईक घेतला नाही. लोकांनी खूप आग्रह केला, काहींना वाटलं भाव खातोय. प्रेरणानं एकदाच विचारलं, "कायमचं सोडलं का?" तो म्हणाला, "माहीत नाही. तोंड उघडलं की आधी ती पोर दिसते." तिनं पुन्हा विषय काढला नाही.

शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर सरूबाई स्वतः मुलीला घेऊन वसतिगृहावर आली. बिऱ्हाड गावाकडं परतलं होतं. टाकी बांधून झाली होती, तिनं ती हात लावून पाहिली आणि मालनबाईंना म्हणाली, "दर महिन्याला मी येनार. न सांगता येनार. आन् मला काय झालंच, तर हिचा बाप येऊन सांगंल. दुसऱ्या कुनाचं हिनं ऐकायचं नाय." बाईंनी कबूल केलं.

सोमनाथ आता दर रविवारी वसतिगृहावर मुलांचं गणित घेतो. बाईंना त्यानंच विचारलं होतं, त्यांनी थोडा विचार करून हो म्हटलं. मुलांना तो आवडतो. सृष्टी भिंतीकडं बसते, वही व्यवस्थित ठेवते, गणितंही बरोबर सोडवते. त्याच्याशी वाकडं वागत नाही. परवा त्यानं फळ्यावर एक भागाकार करून दाखवला आणि उत्तराखाली रेघ ओढली. सगळ्या मुलांनी उतरवून घेतलं. सृष्टीनं पेन्सिल उचलली नाही. ती शेजारच्या मुलीकडं झुकली आणि हळूच विचारलं,

"खरं हाय का गं?"

शेजारची मुलगी हसली. सोमनाथनं ते ऐकलं. त्यानं खडू खाली ठेवला, फळा पुसला आणि तोच भागाकार पुन्हा पहिल्यापासून, एकेक आकडा तिला दिसेल असा, मांडायला घेतला.